उभ्याचा धंदा आणि पायांच्या शिरा

(श्री संत सेना महाराज पुण्यतिथीच्या निमित्ताने गारगोटी येथे भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आपण एकत्र जमतो, महाराजांच्या प्रतिमेस पुष्पहार घालतो, आणि जिवा महाला व शिवा काशीद यांचे स्मरण करून नाभिक समाजाच्या इमानाचा अभिमान बाळगतो. ते योग्यच आहे. परंतु आज मंडळाच्या चालकांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हणालो, की पूर्वजांच्या पराक्रमावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत; मला त्यांच्या वारसांच्या पायांविषयी बोलू द्या. विषय ऐकून काहींना हसू आले. मी रागावलो नाही. सहा-सात वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

मी डॉक्टर नाही. माझे आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले. तथापि माझे बालपण वडिलांच्या दुकानात गेले आहे, आणि आज जे सांगणार आहे ते थोडे त्या दुकानात, थोडे रुग्णालयाच्या खाटेवर आणि उरलेले जाणत्या डॉक्टरांकडून शिकलेले आहे.

आपला धंदा हा उभ्याचा धंदा आहे. सकाळी दुकान उघडल्यापासून दिवेलागणीनंतरपर्यंत कारागीर खुर्चीभोवती उभा असतो. तो चालत नाही, बसत नाही. केवळ उभा राहतो. शेतकरी आपल्याहून अधिक कष्ट करतो, पण त्याचे पाय हलत असतात. हा भेद लहान वाटतो. शरीराच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. तो कसा, हे आधी पाहू.

हृदयाकडून पायाकडे रक्त येते ते जोराने येते. परंतु पायाकडून हृदयाकडे त्याला चढण चढून जावे लागते, आणि त्यासाठी खाली दुसरे हृदय नाही. निसर्गाने त्यासाठी दोन युक्त्या केल्या आहेत. पहिली म्हणजे शिरांच्या आत बसविलेल्या लहान झडपा. रक्त वर गेले की त्या मिटतात आणि त्याला मागे येऊ देत नाहीत. इटलीतील फाब्रिसियस याने १६०३ साली या झडपांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याचाच शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली शरीरात रक्त कसे फिरते ते जगाला पटवून दिले. दुसरी युक्ती म्हणजे पोटरीचा स्नायू. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते आणि शिरेतील रक्त वर ढकलले जाते. विहिरीवरच्या हातपंपाचा दांडा हलवावा तसे हे आहे. दांडा हलला नाही तर पाणी वर येत नाही. आपण तासन् तास एका जागी उभे राहतो तेव्हा हा दांडा थांबलेला असतो.

मग रक्त खाली साठते, शिरा ताणल्या जातात, झडपा नीट मिटेनाशा होतात. ज्यांच्या घराण्यात हा दोष आहे त्यांना, वय झालेल्यांना, स्थूल व्यक्तींना आणि गर्भवती स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या दोऱ्या फुगून दिसू लागतात. संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, रात्री पोटरीत गोळे येतात. वर्षे लोटली की घोट्याच्या वरचा भाग काळवंडतो, खाज सुटते, आणि पुढे तेथे अशी जखम होते, की जी भरता भरत नाही. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आपल्या दुकानांतून ही फुगलेली शीर इतकी सर्रास आहे, की आपण तिला धंद्याची खूण समजतो. ती खूण नव्हे, विकार आहे, आणि त्यावर उपाय आहेत. आज केवळ सुई व तार घालून, लेसरच्या उष्णतेने, बिघडलेली शीर बंद करता येते. पुष्कळदा रोगी त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी येतो.

तथापि फुगलेली शीर हा आजच्या व्याख्यानाचा मुख्य विषय नाही. डोळ्यांना दिसते ती शीर बहुधा जीव घेत नाही. जीव घेते ती आत, स्नायूंच्या खोल असलेली, न दिसणारी शीर. तिच्यात रक्त गोठते तेव्हा. तिच्याविषयीच मला मुख्यत्वे सांगावयाचे आहे, आणि त्यासाठी मला माझ्या घरची हकीकत सांगावी लागेल.

माझे वडील बाजारपेठेत दुकान चालवीत. मी हायस्कूलच्या वरच्या वर्गात असताना दुकानाच्या पायरीवरून घसरून त्यांचे पायाचे हाड मोडले. प्लास्टर घातले, सहा आठवडे ते अंथरुणावर होते. प्लास्टर काढल्यावर पाय सुजला आणि पोटरी दुखू लागली. घरात सर्वांना वाटले, इतके दिवस पाय आखडून राहिला, दुखणारच. आपल्या घरांत अशा वेळी कोणता उपाय होतो, हे मी तुम्हांस सांगावयास नको. कोमट तेल आणि मालीश. वडिलांचा हात मालिशीत सर्व पंचक्रोशीत नावाजलेला होता आणि मला तो त्यांनीच शिकविला होता. त्या पायाला रोज रात्री मीच मालीश करीत असे. आठवडाभराने एके दिवशी पहाटे ते परसात जाण्यासाठी उठले, "दम लागतोय" एवढेच म्हणाले आणि दारात कोसळले. वैद्य येण्यापूर्वी सर्व आटोपले होते. हृदय बंद पडले, असे सर्वांनी मानले. आम्हीही तेच मानून चाललो. पंचेचाळीस वर्षे मानून चाललो.

त्यानंतर २०१९ साली मी मुंबईस मुलाकडे गेलो होतो. परतताना रात्रीच्या बसने आलो. मुंबईहून पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करीत गारगोटीस येईपर्यंत मी जागेवरून उठलो नाही. वारंवार उतरावे लागू नये म्हणून पाणीही प्यालो नाही. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. मी तेलाची वाटी मागितली. सून वाटी घेऊन आली, तिने पायांकडे पाहिले आणि वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, "मामंजी, प्रवासाच्या थकव्याने सूज आली असती तर दोन्ही पायांना आली असती. ही एकाच पायाला आहे. आधी डॉक्टरांना दाखवू." मी टाळाटाळ केली, आषाढाचा पाऊस आहे म्हणालो, उद्या पाहू म्हणालो. तिने ऐकले नाही. गावातील डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्यांचा घेर फितीने मोजला आणि त्याच दुपारी मला कोल्हापूरला पाठविले. तेथे डॉप्लर नावाची तपासणी झाली. ती सोनोग्राफीसारखीच असते. सुई नाही, वेदना नाही. मांडीपर्यंतच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती.

तेथील तरुण डॉक्टरांनी मला विचारले, "घराण्यात कोणाला असे झाले होते का?" मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात मला वडिलांचा सुजलेला पाय दिसला, आणि माझे स्वतःचे हात दिसले.

मी त्यांना सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "इतक्या वर्षांनी निश्चित सांगता येणार नाही. गुठळी मालिशीशिवायही सुटते. तुमच्या हातांनी झाले असे कोणी म्हणू शकत नाही. पण तुम्ही सांगता ती लक्षणे गुठळीचीच वाटतात." मग त्यांनी दिल्लीतील एका तरुणाची हकीकत सांगितली. ती २०१७ साली वर्तमानपत्रांतही आली होती. घोट्याच्या दुखापतीसाठी प्लास्टर, नंतर पायाचे दुखणे, घरी आईच्या हातची तेलाची मालीश, आणि एकाएकी मृत्यू. गुठळी फुफ्फुसात गेल्याचे शवविच्छेदनात आढळले. त्या माउलीचा काय अपराध? ज्या मायेने तिने तेल लावले त्याच मायेने मीही लावले होते. अज्ञान हा अपराध नव्हे. परंतु आज ते आपल्याला कळले आहे, आणि कळल्यानंतर गप्प राहणे हा मात्र अपराध ठरेल. यासाठीच मी येथे उभा आहे.

आता ही गुठळी कशी होते? जर्मनीतील रुडोल्फ फिर्खो या पंडिताने १८५६ साली जे विवेचन केले त्यातून तीन कारणे निघतात, आणि ती आजही मानली जातात. रक्त मंदावणे, शिरेच्या भिंतीस इजा होणे, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. शस्त्रक्रियेनंतरचे अंथरूण, प्लास्टर, लांबचा बैठा प्रवास, कर्करोग, वार्धक्य, घराण्यातील दोष, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, ही सारी या तिहींपैकी कोठे ना कोठे बसतात. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असता लोक तळघरांत रात्र-रात्र कापडी आरामखुर्च्यांवर बसून राहात. गुठळीने एकाएकी मरणाऱ्यांची संख्या त्या काळात वाढल्याचे तेथील डॉक्टर कीथ सिम्पसन यांनी दाखवून दिले. बाँबपासून वाचलेली माणसे खुर्चीवर बसून मेली. रात्रीच्या बसमध्ये मला हे ठाऊक असते तर मी थांब्यावर खाली उतरून चार पावले चाललो असतो.

गुठळी पायात राहिली तर पाय कायमचा जड होतो. ती सुटली तर रक्तासोबत वर जाते, हृदयाच्या उजव्या भागातून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. त्यालाच आपण पुष्कळदा चुकून हृदयाचा झटका म्हणतो. हा रोग गरीब-श्रीमंत पाहात नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा डावा पाय १९७४ च्या जूनमध्ये सुजला असता ते तसेच इजिप्तच्या दौऱ्यावर गेले. त्याच वर्षी पुढे गुठळी फुफ्फुसापर्यंत पोचली आणि त्यांना शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले. ज्यांच्या दिमतीस डॉक्टर होते त्यांनी दुखणे अंगावर काढले, मग आपण काढतो यात नवल काय?

यास्तव लक्षणे नीट ध्यानात ठेवा. एकाच पायास आलेली सूज. पोटरीत वा मांडीत दुखणे, दाबल्यास वा चालल्यास वाढणारे. त्या पायास ऊब लागणे, कातडी लालसर वा काळसर होणे. ही एवढी असली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उद्या नव्हे, बाजार झाल्यावर नव्हे. आणि त्यासोबत वा त्यावाचूनही जर एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, घेरी आली, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गारगोटीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर आहे. आपले आजे-पणजे ज्याला थोरला दवाखाना म्हणत, ते सी. पी. आर. रुग्णालय सर्वांसाठी उघडे आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो की नाही, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास विचारावे.

डॉक्टरांपुढे संकोच करू नये. केव्हापासून दुखते, अलीकडे शस्त्रक्रिया, प्लास्टर, प्रवास वा बाळंतपण झाले काय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घराण्यात कोणास असे झाले होते काय, हे न विचारताही सांगावे. "ही गुठळी तर नसेल ना?" असा प्रश्न आपणच विचारावा. असा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

उपचार आहे, आणि तो प्रभावी आहे. रक्त गोठू न देणारी औषधे दिली जातात. त्यांतील एकाचा इतिहास शेतकऱ्यांस आवडेल असा आहे. अमेरिकेत १९२० नंतर बुरशी आलेला एक गोड चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात आला. तेथील कार्ल लिंक यांनी त्या चाऱ्यातील द्रव्य शोधून काढले आणि त्यातूनच पुढे वॉरफॅरिन निर्माण झाले. आधी ते उंदीर मारण्यास वापरले गेले, आणि १९५४ पासून माणसे वाचविण्यास! आज त्याहून सोयीच्या नव्या गोळ्याही आहेत. औषध बहुधा किमान तीन महिने घ्यावे लागते. पाय बरा वाटला म्हणून ते मध्येच सोडू नये, आणि सोबत अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो.

भगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द वेगळे सांगतो. बाळंतिणीचा एक पाय सुजून पांढुरका झाला तर पूर्वी युरोपातसुद्धा समजत, की अंगावरचे दूध पायात उतरले. ते दूध नसते, गुठळी असते. आपल्या घरी बाळंतिणीचे अंग चोळण्याची रीत आहे. रीत चांगली आहे, परंतु चोळण्यापूर्वी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक सुजलेला असेल तर हात लावू नका, तिला दवाखान्यात न्या. बाळंतिणीस सव्वा महिना खाटेवर निजवून ठेवण्यापेक्षा तिला घरात हिंडू-फिरू द्या. तसेच सणावारासाठी वा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. त्यांनी काही स्त्रियांत गुठळीचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि घरातील स्त्री "पाय दुखतो" म्हणाली तर पुरुषांनी ते ऐकून घ्यावे. माझ्या सुनेने माझे दुखणे ओळखले. तिच्या दुखण्याकडे मी आजवर तितके लक्ष दिले होते काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे.

आता आपल्या धंद्याविषयी. एके काळी तुंबडी लावणे, गळू फोडणे ही कामेही आपल्याकडे होती. लंडनमध्येही १५४० पासून १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा एकच संघ होता. लोक आपल्या हातात आपला गळा देतात. याहून मोठा विश्वास कोणता? म्हणून गिऱ्हाईकाने पाय पुढे केला तरी एकाच पायाची ताजी सूज दिसल्यास त्यावर मालीश करू नये. त्याला नम्रपणे दवाखान्याची वाट दाखवावी. चार पैसे बुडतील, पण एक घर वाचेल. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, हे वस्तरा लावण्यापूर्वी विचारावे. अशा माणसास लहानशी जखम झाली तरी रक्त लवकर थांबत नाही.

स्वतःसाठी काय करावे? दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात बसावे, वा दुकानाबाहेर दहा पावले चालावे. उभ्या उभ्या टाचा वीस वेळा उचलाव्यात. हातपंपाचा दांडा तेवढाच हलतो. रात्री पाय उशीवर उंच ठेवून निजावे. तंबाखू सोडावी, वजन आवरावे. लवचीक मोजे फार उपयोगी आहेत, पण मापाचे असावेत आणि डॉक्टरांना दाखवूनच घालावेत; पायाकडे येणारे रक्तच कमी असेल तर ते अपाय करतात. फुगलेली शीर एखादे वेळी फुटली तर घाबरू नये. आडवे व्हावे, पाय उंच धरावा, स्वच्छ फडक्याने दाबून ठेवावे आणि दवाखाना गाठावा. मुंबई, पुणे, गोव्यास दुकानांत काम करणाऱ्या आपल्या मुलांना रात्रीच्या प्रवासात तासातासाने पाय हलविण्यास आणि पाणी पिण्यास सांगावे.

मंडळास माझी एकच विनंती आहे. आपण दरवर्षी स्मरणिका काढतो, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. त्यासोबत एक लहानशी पाटी छापून तालुक्यातील प्रत्येक दुकानात आरशाशेजारी लावावी: "एकच पाय सुजला, पोटरी दुखते, मालीश नको, आजच दवाखाना. दम लागला तर १०८." गिऱ्हाईक खुर्चीवर बसल्यावर आरशाकडेच पाहते. आपल्या दुकानाएवढी चांगली शाळा दुसरी नाही.

माझे औषध पुरे झाले, पाय आज बरा आहे. पण त्या तेलाच्या वाटीची आठवण जात नाही. वडिलांनी मला हात कोठे लावावा हे शिकविले होते. हात कोठे लावू नये हे त्यांनाही कोणी शिकविले नव्हते. ते तुम्हां-आम्हांला आता कळले आहे. ते आपण पुढच्या पिढीस शिकवू या.

 जय संत सेना महाराज!